उलट्या क्वार्टरमधला सोफा

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की भोपाळच्या हवेला चुन्याचा वास येतो. आता चुना कोण लावतं म्हणा, सगळीकडे डबाबंद रंग, आणि त्यांना म्हणे वासच नसतो. तरी ऑक्टोबरातल्या एखाद्या सकाळी बाल्कनीत उभी राहिले की माझ्या नाकाला तो वास येतोच. नाकाला कोण समजावणार? बाजारात सीताफळं आलेली असतात, उन्हाची धार गेलेली असते, पहाटे पायांवर पांघरूण ओढावंसं वाटतं, आणि मला उगाचच वाटायला लागतं की आज घरातलं सगळं सामान बाहेर काढायचं आहे आणि आपलं अजून काहीच आवरलेलं नाही.

यंदा खरंच काढायचं होतं. आई आमच्याकडे राहायला येणार होती. बाबा गेल्यापासून ती इंद्रपुरीतल्या घरात एकटीच राहत होती. पावसाळ्यात जिन्यावरून तिचा पाय घसरला, मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तशी मी हट्टच धरून बसले. शेवटी ती कबूल झाली, पण स्वतःच्या अटीवर. "दिवाळीपर्यंत राहून बघते. जमलं तर जमलं, नाही तर माझं घर आहेच." असं म्हणून तिने इंद्रपुरीच्या घराची किल्ली पर्समध्ये टाकली. मी ती मागितली नव्हती. तरी माझ्याकडे बघत बघत टाकली.

तेव्हाच मी ठरवलं, आईची खोली अशी करायची की तिने त्या किल्लीचं नाव काढू नये.

आता मला एक वेड आहे, ते सांगून टाकते. दुसऱ्यांची घरं बघायला मला फार आवडतं. शाळेतून आले, चहा घेतला, की मी फोनवर इंटिरियर डिझायनर लोकांची कामं बघत बसते. कोणी भिंतीला गिलावाच करत नाही, विटा तशाच ठेवतो, आणि त्या विटांसमोर एकच पितळी समई ठेवून सगळी खोली उजळवतो. कोणी जुन्या हवेल्यांचे दरवाजे आणून त्यांची जेवणाची टेबलं करते. एक बाई तर घर सजवायला घेण्याआधी म्हणे दिवसभर नुसतं ऊन कुठून कुठे जातं ते बघत बसते. मी हे सगळं तोंडात बोट घालून बघते आणि माझ्या घरात मात्र वर्तमानपत्रांची रद्दी सोफ्याखाली ढकलते. आमचे हे, म्हणजे सुहास, बँकेतून आले की विचारतात, "आज कोणाच्या घरी जाऊन आलीस?"

तर आईच्या खोलीसाठी मी खरीखुरी डिझायनर बोलावली. महिमा नाव. पोरगी भोपाळचीच, चुणचुणीत, हातात मोजपट्टी आणि पायात दोन वेगळ्या रंगांचे मोजे. तिचं काम मला मनापासून आवडलं होतं. घरातल्या माणसाला विचारल्याशिवाय ती पडद्याचं कापडसुद्धा उघडून दाखवत नाही. खोलीच्या मधोमध उभी राहून तिने मला पहिलाच प्रश्न टाकला, "मैम, आंटीजी का स्टाइल क्या है?"

एवढी घरं बघितली, पण आईची स्टाइल काय, हे मला सांगता येईना. आईला काय आवडतं? तिला फोडणीत हिंग जास्त आवडतो, हे माहीत होतं. पण खुर्ची कशी आवडते?

माझी पंचाईत ओळखून महिमाने कागद पुढे केला. "अच्छा, पुराना घर बना दीजिए. रफ ही सही." मी भूगोलाची मास्तरीण. फळ्यावर नकाशे काढण्यात हयात गेली. पिपलानीच्या कारखाना-वसाहतीतलं आमचं लहानपणचं क्वार्टर म्हणजे माझ्या डोळ्यांपुढे उभं. भराभर काढलं: हे दार, आत गेलं की डाव्या हाताला कोऱ्या भिंतीशी सोफा, उजवीकडे स्वयंपाकघराचं दार, समोर खिडकी. आई तेव्हा सहज आली होती, बाहेर बसली होती. मी कौतुकाने कागद तिच्यासमोर धरला. तिने चष्मा लावला, कागद जवळ घेतला, लांब धरला.

"हे कोणाचं घर काढलंस?"

"आपलं, आई. पिपलानीचं."

"आपलं कुठलं? हे तर सुसम्माचं आहे," आई म्हणाली आणि कागद खाली ठेवला. तिला वाईट वाटलं की हसू आलं, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. महिमा एकदा माझ्याकडे बघे, एकदा आईकडे.

सुसम्मा आंटी म्हणजे आमच्या शेजारीण. त्यांचे यजमान आणि माझे बाबा एकाच कारखान्यात. ते केरळचे, आम्ही नागपूरचे. पलीकडे भदौरिया, ग्वाल्हेरकडचे. टाउनशिपमध्ये सगळा देश असा शेजारी शेजारी राहायचा आणि सगळ्यांना घरं मात्र एकाच साच्यातली. दारं हिरवी, भिंती क्रीम, ओट्याचा दगड काळा. रंग बदलायची परवानगी नाही, भिंत पाडायचा तर प्रश्नच नाही. कारखान्याचा भोंगा वाजला की सगळ्या घरांतून सारख्याच सायकली बाहेर पडायच्या.

पण आत? आत जो तो राजा. आज वाटतं, माझ्या आयुष्यातले पहिले डिझायनर मला त्या गल्लीत भेटले. भदौरिया आंटींची शैली झाकण्याची. टीव्हीला झालर, फ्रिजला झालर, फ्रिजच्या मुठीलासुद्धा क्रोशाचा मोजा. त्यांच्या घरातली कुठलीही वस्तू मी उघडी बघितली नाही. आमच्या घराची शैली बाबांची, म्हणजे पेटीच्या लाकडाची. परदेशातून यंत्रं ज्या लाकडी पेट्यांतून यायची, त्या पेट्यांचं लाकूड टाउनशिपमधले लोक घरी आणायचे आणि त्याचं काय वाट्टेल ते बनवायचे. बाबांनी त्याचं शोकेस केलं होतं. बाहेरून पॉलिश, आतून पेटीवरचा मूळ काळा छाप तसाच: काचेचा पेला आणि वरची बाजू दाखवणारा बाण. फळी बसवताना उलटी बसली, म्हणून आमच्या शोकेसमधला बाण कायम जमिनीकडे बोट दाखवायचा. ताटल्या काढताना मी रोज तो बघायचे आणि रोज क्षणभर गोंधळायचे.

आणि सुसम्मा आंटींची शैली? त्यांच्याकडे काहीच नव्हतं. म्हणजे सामान आमच्याएवढंच असणार, पण दिसायचं नाही. वेताची खुर्ची, पांढरा पडदा, लाल फरशी अशी पुसलेली की पाय ठेवताना चप्पल नसूनही काढावीशी वाटायची. कुठली वस्तू कुठे आहे हे शोधावं लागत नव्हतं, हात आपोआप तिथेच जायचा. उन्हाळ्यात त्या खोलीत आमच्या खोलीपेक्षा गार वाटायचं. पंखा एकाच कंपनीचा होता, तरी वाटायचं.

आता पुताईचं सांगते. आम्ही मराठी माणसंसुद्धा पुताईच म्हणायचो, रंगकाम म्हटलं की कोणाला कळायचंच नाही. काही वर्षांनी एकदा प्रत्येक ब्लॉकची पाळी यायची, आणि पाळी यायची नेमकी दसरा-दिवाळीच्या मधे. ज्या दिवशी आपली ओळ लागली, त्या दिवशी सकाळीच घर रिकामं करायचं. सगळ्या गल्लीचं सामान समोरच्या गवतावर. पलंग, पिंप, देव, लोणच्याच्या बरण्या, ट्रंका. भदौरिया आंटींचा फ्रिज उन्हात झालरीशिवाय उभा असायचा आणि त्या त्याच्यापुढे उभ्या राहायच्या, कोणी बघू नये म्हणून. आम्ही मुलं एकमेकांच्या पलंगांवर उड्या मारायचो. जेवणं गवतावर, सगळ्यांची एकत्र. आईचा पोळ्यांचा डबा सुसम्मा आंटींकडे, त्यांचं मिरचीचं लोणचं आमच्या पानात. चुन्याच्या बादल्या, ब्रशांचे फटकारे, नीलगिरीची पानं आणि कोणाच्या तरी रेडिओवरच्या बातम्या.

पण मला ओढ असायची रिकाम्या घरांची. बोललं की आवाज घुमायचा. अशाच एका पुताईत मी आमच्या रिकाम्या घरातून निघून सुसम्मा आंटींच्या रिकाम्या घरात शिरले आणि दचकले. ते आमचंच घर होतं. फक्त उलटं. आमचं स्वयंपाकघर डावीकडे, त्यांचं उजवीकडे. आमची कोरी भिंत उजवीकडे, त्यांची डावीकडे. दोन क्वार्टरं मधल्या एकाच भिंतीला दोन्हीकडून टेकवून बांधलेली, तेव्हा असं होणारच. पण हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्या दिवसापासून माझं डावं-उजवं जे बिघडलं ते बिघडलंच. भूगोल शिकवते, पण रिक्षावाल्याला आजही हात दाखवूनच वळायला सांगते.

त्या रिकाम्या घरात सुसम्मा आंटी कोपऱ्यात जमिनीवर बसल्या होत्या. पाठ भिंतीला, पाय लांब. थोड्या वेळाने उठल्या आणि दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. मी विचारलं, "आंटी, थक गए क्या?" त्या म्हणाल्या, "नहीं बेटा. देख रही हूँ, इधर बैठेगा तो क्या दिखेगा." सगळे कोपरे बसून झाल्यावरच त्यांनी पहिली खुर्ची आत आणली. आज फोनवर त्या ऊन बघणाऱ्या बाईचं कौतुक वाचते तेव्हा मला त्यांच्या मळक्या फरशीवर टेकलेल्या टाचा आठवतात.

आईही दारात उभी राहून हे बघत होती. आणि आईने मनावर घेतलं. आपलंही घर या खेपेला सुसम्मासारखं. त्या संध्याकाळी ती चार वेळा शेजारी जाऊन आली, काही ना काही निमित्त काढून. ओठ हलत होते. डाव्या हाताला सोफा, दाराजवळ उजवीकडे शोकेस. दुसऱ्या दिवशी तिने बाबांना आणि दोन शेजाऱ्यांना कामाला लावलं, आणि जे तिकडे जिथे होतं ते इकडे तिथे ठेवलं. तंतोतंत.

सोफा डावीकडे गेला. आमच्याकडे डावीकडे स्वयंपाकघराचं दार. सोफ्याचा एक हात बरोब्बर त्या दारात आला, आणि अर्धी वाट बंद. शोकेस दाराजवळ उजवीकडे गेलं. आमच्याकडे तिथे विजेची बटणं. पंखा लावायचा तर शोकेसमागे हात घालून चाचपडायचं.

बाबा कारखान्यात दिवसभर यंत्रांचे नकाशे वाचणारे. कमरेवर हात ठेवून त्यांनी खोली बघितली आणि हसतच सुटले. "अगं, तो ब्लॉक उलटा आहे. तिचं डावं ते आपलं उजवं. उद्या फिरवून देतो."

"राहू द्या," आई म्हणाली.

"अगं पण जायचं कुठून?"

"आडवं होऊन जा."

बाबांना वाटलं, दिवाळी झाली की रुसवा जाईल. गेला नाही. बाबा दर दिवाळीला विचारायचे, फिरवू का, आणि आई म्हणायची, पुढच्या पुताईला बघू. पुढची पुताई आली, सोफा गवतावर गेला, भिंती क्रीमच्या पुन्हा क्रीम झाल्या, आणि सोफा परत त्याच दारात येऊन बसला. बाबा निवृत्त होईपर्यंत आम्ही आमच्याच स्वयंपाकघरात आडवे होऊन जात होतो. पाहुण्यांच्या नडग्या फुटायच्या. चहाचा ट्रे डोक्यावरून फिरवावा लागे. बाबा म्हणायचे, नागपूरचा हट्ट आहे, यंत्राने हलत नाही.

मी त्यावर आयुष्यभर अधूनमधून विचार करत आले. हट्टच होता का? की चूक कबूल करायची लाज? की सुसम्मा आंटींचं इतकं कौतुक की त्यांचं घर आपल्या घरात मावत नाही हे मान्यच नव्हतं? यातलं काहीच मला पुरतं पटलं नाही. आणि माझ्या डोक्यात दोन्ही घरं अशी मिसळून गेलीत की गोवर झाला तेव्हा मी कुठल्या खिडकीतून बाहेर बघत पडले होते, हेसुद्धा खात्रीने सांगता येत नाही. महिमाच्या कागदावर मी जे काढलं ते आईच्या मनातलं घर असेल. आम्ही राहिलो ते नव्हे.

ही सगळी कहाणी मी महिमाला सांगितली. तिने शांतपणे ऐकली आणि खोली फार सुंदर केली. मी बघितलेल्या फोनवरच्या कुठल्याही खोलीच्या तोडीची. पलंग आईच्या गुडघ्यांच्या उंचीचा. भिंत क्रीम, पण उबदार. खिडकीशी वेताची खुर्ची, पाय ठेवायला बुटकं स्टूल, खिडकीबाहेर कडुनिंब. आपल्या पद्धतीने तिने सुसम्मा आंटी आणि आई दोघींना त्या खोलीत बसवलं होतं. मला भरून आलं. आईसुद्धा म्हणाली, "छान झालं. पोरगी हुशार आहे."

आणि मग ती त्या छान खोलीत हबीबगंज स्टेशनवर बसावं तशी बसू लागली. पर्स मांडीवर. खुर्चीत पाठ न टेकता. मी आणि सुहास स्वयंपाकघरात काही बोललो की आतून तिचा आवाज यायचा, "काय म्हणालात?"

"काही नाही, आई."

दिवसातून कितीदा तरी. काय म्हणालात? काही नाही. सांगण्यासारखं खरंच काही नसायचं. दूध उतू गेलं, मंडीदीपच्या शाखेतला साहेब रजेवर गेला, यंदा चिवड्याला पोहे कुठून आणायचे. हे कोणी पॅसेज ओलांडून सांगायला जातं का? पण दिवाळी जवळ येत होती आणि एके दिवशी आईने सहज विचारल्यासारखं विचारलं, "इंद्रपुरीला पाण्याची टाकी भरून ठेवायला कोणाला सांगावं गं?" मी म्हटलं, बघू.

त्यानंतरचा शनिवार. शाळेतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आले. दाराशी आम्ही किल्ल्या अडकवतो तिथे माझी किल्ली अडकवायला गेले, तर खुंटीवर आधीच एक किल्ली. ही कोणाची, ते चटकन लक्षात येईना. तशीच स्वयंपाकघराकडे वळले आणि नडगीवर असा काही फटका बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

वेताची खुर्ची. महिमाने खिडकीशी ठेवलेली. ती आता स्वयंपाकघराच्या तोंडाशी होती, अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि तिच्यात आई, मांडीवर पर्सऐवजी मेथीची ताटली. पाठ टेकलेली. सुहास ओट्याशी उभे राहून चहा गाळत होते आणि साहेबांच्या रजेची साग्रसंगीत गोष्ट सांगत होते. आई निवडता निवडता म्हणत होती, "मग? पुढे काय म्हणाला तो?"

मी नडगी धरून तिथेच उभी राहिले. आणि एवढ्या वर्षांनी मला सोफ्याचा तो हात दिसला, स्वयंपाकघराच्या दारात आलेला, बसून बसून काळा पडलेला. त्या हातावर कोण कोण बसायचं ते दिसलं. तिथे बसून मी आईला पाढे म्हणून दाखवायचे. बाबा भोंग्यानंतर घरी आले की तिथेच टेकून कारखान्यातल्या भानगडी सांगायचे. दिवाळीच्या आधी सुसम्मा आंटी तिथे बसायच्या आणि आई कढईतली शंकरपाळी सोफ्यावरूनच त्यांच्या हातात द्यायची. सोफा तिथे येण्याआधी बाहेरच्या खोलीत बैठक बसायची आणि आई भिंतीकडे तोंड करून पोळ्या लाटता लाटता ओरडायची, काय म्हणालात? सोफा आल्यानंतरचं ते ओरडणं मला आठवतच नाही.

"आई," मी विचारलं, "पिपलानीला तू सोफा चुकून तिथे ठेवलास की मुद्दाम?"

"चुकूनच की," आई म्हणाली. मग मेथीची एक काडी मोडली. "पहिल्यांदा चुकून."

आता यातून मी काय समजायचं? मी आणखी काही विचारणार, तेवढ्यात चहाचा कप घेऊन सुहास खुर्चीला वळसा घालायला गेले आणि त्यांचाही पाय आपटला.

"आई, इथे वाट अडते हो," ते कळवळून म्हणाले.

"अडतेच," आई म्हणाली. तिने पाय थोडे आत घेतले, खुर्ची मात्र हलवली नाही. "आडवं होऊन जा. होऊन जाईल सवय."